तेरावा मजला

अकरा, बारा, चौदा...
स्वरांगी धुमक, वय साडेचार,
मण्यांच्या पाटीवर बोट ठेवून
रोज त्याच जागी उडी मारते,
डबक्यावरून मारावी तशी,
फ्रॉक जरा वर धरून.

मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा
तिच्या वहीत लाल पेनानं लिहिलं:
'तेरा येत नाही. घरी सराव घ्यावा.'
एकोणीस वर्षांत असं कितीदा लिहिलं असेल,
आणि वही मिटताना दर वेळी
किती हलकं वाटलं असेल मला.

दुसऱ्या दिवशी बाप आला, रात्रपाळी उतरून,
निळा गणवेश, खिशावर टॉवरचं नाव.
आमच्या ठेंगण्या खुर्चीत मावेना
म्हणून फरशीवरच बसला, मांडी घालून,
वही पुढ्यात. जणू लाल शेरा
त्यालाच मिळाला होता.
म्हणाला, "बाई, चूक माझी.
परळला लिफ्टवर असतो मी.
आमच्याकडं बारानंतर चौदा.
तेरावा मजला नाहीच. म्हणजे आहे,
पण त्याला चौदा म्हणायचं.
गिऱ्हाईक घेत नाही म्हणे.
सुपरवायझर नसला की रविवारी नेतो हिला.
बटणं वाचत वाचतच आकडे शिकली."

शनिवारी आई. ओले केस, दारातूनच,
चपला न काढता:
"त्यांचं काय ऐकता!
मी टिकल्या भरते घरी, पाकिटाला बारा.
बारा झाल्या की परत एकपासून.
ही शेजारी बसून मोजते.
तेरावी गेली चुकून
तर शेठ पैसे कापतो."

एवढ्याशा चुकीवर
दोघांचा हक्क.
माझ्याकडं आजवर पालक आले
ते चूक बाईंची आहे हे सांगायला,
नाहीतर पोराच्या कानशिलात द्यायला.
हे नवीनच होतं. मला हसू आलं.

सोमवारी हजेरी घेत होते.
अकरा, क्रिशांक. हजर. बारा, हमीदा. हजर.
चौदा...
तिथं जीभ अडखळली.

तेरा नंबर तौसीफचा.
गणपतीच्या आधी त्यांची खोली पाडली,
घर नालासोपाऱ्याला गेलं,
दाखला न्यायला कोणी आलंच नाही.
पटावर त्याच्या नावावरून
मी पेन्सिलीची एक रेघ ओढलीय, फिकट,
आणि चार महिने, मोठ्यानं,
शिवडीच्या या एका खोलीत
तेवीस मुलांच्या तोंडावर
बारानंतर चौदा म्हणतेय.

स्वरांगी पहिल्या ओळीत बसते.
सगळं ऐकते ती.

वही मागून घेतली.
लाल शेऱ्याखाली निळ्यानं लिहिलं:
'मलाही येत नाही. आपण तिघं मिळून घेऊ.'
लिहून झाल्यावर बराच वेळ
वहीकडं बघत राहिले.
असलं काही लिहायला
कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

मग आईनं एक पाकीट पाठवलं, मुद्दाम तेराचं.
बारा टिकल्या पोरीनं पाटीवर ओळीनं लावल्या,
तेरावी उरली, ती घेऊन घुटमळली,
आणि माझ्या कपाळावर, जरा डावीकडं,
दाबून बसवली. तशीच ठेवली मी दिवसभर.
बाप सांगत होता, आता लिफ्टमध्ये तो
बारा आणि चौदाच्या मधे
ओठातल्या ओठात 'तेरा' म्हणतो.
एका बाईंनी विचारलंही, काय पुटपुटतोस?
म्हणाला, पोरीचा अभ्यास.

म्हणजे सगळं सुटलं असं नाही.
काल सोळा गेला, अठरा दोनदा आला,
आणि पाटी आवरता आवरता बाईसाहेबांनी विचारलं,
"तेराव्या मजल्यावर कोण राहतं?"

मी बापाकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं.
उत्तर दोघांकडंही नव्हतं
आणि कोणी घाई केली नाही.

तिनंच मग मणी सरकवत सांगितलं,
आम्हाला एवढंही कसं माहीत नाही, अशा सुरात:
"तौसीफ."